ताडाई माय

मळ्यातली वस्ती, ता. शेवगाव
६ नोव्हेंबर १९९५

ती. दादा,

पाकिटावरचं अक्षर दूधगाडीच्या ड्रायव्हरचं आहे. माझं दिसलं असतं तर तू पाकीट उघडलंच नसतंस, म्हणून ही युक्ती. रतनवहिनी गेल्यावर तू घर सोडून संगमनेरच्या डेअरीत कामाला लागलास, तेव्हापासून माझ्या एकाही राखीची पोच नाही. माझ्या लग्नालाही आला नाहीस. पण भांडायला लिहीत नाही. ते भांडण समोरासमोर करायचं म्हणून राखून ठेवलंय.

मला तुझ्याकडून फक्त एक कार्ड हवंय. त्यावर लिही, की ते जपानी कार्टून खरंच होतं आणि आपण तिघांनी ते पाहिलं होतं. खाली सही कर. बस्स.

हसू नकोस. सगळं सांगते.

मला दिवस गेले होते. दिवाळीतल्या ग्रहणाला माझ्या सासूबाईंनी मला अंधाऱ्या खोलीत बसवलं, विळी लपवून ठेवली, सुईसुद्धा हातात धरू दिली नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणते, गाव लंकाबाई म्हणतं. त्यांनी सांगितलं तसं सगळं पाळलं. तरी आठवड्याभरात पोट रिकामं झालं. शेवगावच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आत्याबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. मी चपला काढल्या, बाहेर तोंड करून ठेवल्या, आणि तोंडातून निघून गेलं, ‘तादाइमा.’

आत्याबाईंच्या हातातला तुकडाच पडला. ‘काय म्हनलीस? कोन? ताडाई माय?’

आता आपल्याकडे तुकाई आहे, जाखाई आहे, मरीआई आहे. मग ताडाईनं काय घोडं मारलंय? शेजारच्या झुंबरबाईंना दिवस मावळायच्या आत आठवलं, की शिवेवर पूर्वी एक ताड होता, तो विजेनं पडला, आणि त्याच्यात कोणीतरी बसायचं. सकाळी जी देवी नव्हती तिला संध्याकाळपर्यंत झाडही मिळालं आणि रागही. माझं बाळ तिनंच नेलं असं ठरलं.

मी सांगून पाहिलं, की हा कार्टूनमधला शब्द आहे, जपानी कार्टूनमधला. तुझे मेव्हणे बिचारे टेम्पो घेऊन शेवगावला केबलवाल्याकडे विचारायला गेले. तो म्हणाला, ‘जपान रेडिओ बनवतं, घड्याळं बनवतं. कार्टून कशाला बनवंल?’ झालं. हे परत आले ते मान खाली घालूनच.

तेव्हापासून आत्याबाई माझ्याकडे बघतात ते माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या आत कोणी आहे का ते बघतात. मला फार भीती वाटते, दादा. कार्ड लवकर पाठव.

तुझी ज्योती


१२ नोव्हेंबर

दादा,

कार्ड आलं नाही. दूधगाडी आली की मी ओट्यावर येते, ड्रायव्हर लांबूनच मान हलवतो.

कदाचित तुला वाटत असेल, कुठलं कार्टून? तुझ्या लग्नाची कॅसेट. तो विषय काढलेला तुला खपत नाही, पण माझा इलाज नाही. शूटिंगवाल्यानं नवी म्हणून वापरलेलीच कॅसेट घातली होती. वहिनीची पाठवणी झाली, तिच्याकडचे सगळे रडले, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि एकदम बर्फातून एक मुलगी बैल घेऊन चालत आली. अण्णा शूटिंगवाल्याच्या अंगावर धावून गेले होते. तो म्हणाला होता, ‘पुढचं फुकट हाय, बघा की!’ आणि आपण बघितलं. तू व्हिडिओ सेंटरला होतास. दुरुस्तीच्या नावाखाली व्हीसीआर घरी आणायचास. अण्णा रानात गेले, की आपण पाठवणीपर्यंत कॅसेट पळवायचो.

भाकरी थापताना मी ते सगळं मनात पुन्हा लावून बघते. टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये कोणीतरी कोणाच्या तरी मागे पळत असतं. ह्यात कोणी पळत नव्हतं. डोंगरावर कोळसा पाडणाऱ्यांची ती मुलगी. बैलाच्या पाठीवर पेंढ्यात बांधलेला कोळसा खालच्या गावाला नेते, देते आणि परत येते. एवढीच गोष्ट. फार जुनं असणार. रंग उडालेले, मधूनच रेघा, आवाज विहिरीतून आल्यासारखा. पण काढणाऱ्यानं काय काढलं होतं रे! बैल थांबला की आधी त्याच्या नाकातली वाफ दिसायची, मग बैल. मुलगी रताळं मोडून अर्धं त्याला द्यायची आणि त्याचं चावून होईपर्यंत चित्र तिथंच थांबायचं. एवढा वेळ कोण थांबतं? वहिनी म्हणायची, ‘ह्ये ज्यानं काढलं त्यानं बैल पाळला आसंल.’ पहिल्यांदा तो बर्फ बघून ती म्हणाली होती, ‘येवढा कापूस, अन् येचायला कोनीच न्हाई?’ तू खाटेवरून पडेस्तोवर हसला होतास.

आणि तो पूल वाहून गेल्याचा भाग. मुलगी नदीकाठी बसून राहते. बैल रवंथ करतो. ढग सरकतात, पाणी उतरतं, ती नदी ओलांडून घरी येते. भाग संपला. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर तिला त्या पुरात पाडलं असतं, कोणाकडून तरी वाचवलं असतं. ह्यानं फक्त वाट बघायला लावली. मला तो भाग सगळ्यात आवडायचा, आणि का ते मला आजही सांगता येत नाही. असं काही ज्यानं केलं त्याचं नाव आपल्याला वाचता आलं नाही, ह्याची मला लाज वाटते.

दर भाग दारात संपायचा. ती पायातलं काढायची, बाहेर तोंड करून ठेवायची, आणि म्हणायची, ‘तादाइमा.’ आतून एक बाई म्हणायची, ‘ओकाएरी.’ ती बाई कधीच दिसली नाही. सरकतं दार, पिवळा उजेड आणि आवाज. बारावीला कॉलेजातून आले की मी दारात तादाइमा म्हणायचे आणि वहिनी चुलीपुढून ओकाएरी म्हणायची. तू म्हणायचास, ‘दोन येड्या गोळा झाल्यात.’ वहिनी गेल्यावर मी ते मनातल्या मनात म्हणत आले. कोणत्याही घरात शिरताना. इथंसुद्धा, पहिल्या दिवशी माप ओलांडताना.

आता मनात म्हटलं तरी ओठ हलतात, आणि आत्याबाईंची नजर ओठांवरच असते. पाणी घेऊन आले की त्या दारात उभ्या. रानातून आले की उभ्या. माझ्या चपला त्या सरळ करून ठेवतात, मी विसरून पुन्हा वळवते. ‘घराकडं पाठ करून का ठिवतीस गं? कुनाला बाहेर न्यायचंय?’ असं परवा विचारलं. माझ्या उशीखाली लिंबू आहे, दंडाला काळा दोरा आहे. बाया माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. अर्धी वस्ती ऊसतोडीला कारखान्यावर गेलीय, जी उरलीय ती आमच्या ओट्याकडे बघत उरलीय.

आत्याबाई वाईट नाहीत. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तुला वाटेल सासुरवास. त्यांची एक मुलगी होती, ह्यांच्या पाठची. तापात काहीबाही बडबडायची. ह्यांनी आज नेऊ, उद्या नेऊ केलं आणि ती गेली. दवाखान्यात उशिरा नेली असं डॉक्टर म्हणाले. देवरुषिणीकडे उशिरा नेली असं आत्याबाईंनी ऐकलं. माझं डोकं चेपताना त्या रडतात आणि म्हणतात, ‘तुला न्हाई मी उशीर करनार.’ तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

एक कार्ड, दादा.

ज्योती


१८ नोव्हेंबर

दादा,

बुधवारी अमावस्या आहे. मला देवरुषिणीकडे, गोजरबाईकडे नेणार आहेत. तिचं ठिकाण नदीपलीकडे आहे, शेवगावच्या स्टँडवर कोणालाही विचार, जीपवाले ओरडत असतात. माध्यान्हीला बसवणार.

गेल्या साली वरच्या आळीतल्या सुनेला तिच्याकडे नेलं होतं. मिरच्यांचा धूर दिला आणि तळहातावर कापूर जाळला. ती आता कोणाशीच बोलत नाही. लोक म्हणतात, बघा, कशी शांत झाली.

हे म्हणतात, ‘तू गप ऱ्हा. त्वांडच उघडू नको. बोलली न्हाईस तर ती काय काढनार?’ ह्यांना वाटतं, त्यांनी उपाय सांगितला. पण गोजरबाईचा निरोप आलाय, की मुकी बाधा लई वाईट, तिला धुरानं बोलती करावी लागते. म्हणजे बोलले तरी तेच आणि न बोलले तरी तेच. हे आईशी भांडलेसुद्धा. आत्याबाई कपाळ बडवून म्हणाल्या, ‘एक पोर तुमच्या ऐकन्यात घालवली मी.’ हे आजपासून टेम्पो घेऊन तोडीवाल्यांचं सामान पोचवायला गेलेत, बुधवारी सकाळी येतील.

दादा, आता खरं लिहिते. मला गोजरबाईची भीती आहेच, पण कालपासून दुसरीच भीती धरलीय. आपण ते पाहिलंच नसेल तर?

वहिनी नाही. तू बोलत नाहीस. अण्णांना विचारावं, तर त्यांनी त्या दिवशी मुंग्या दिसताच तोंड फिरवलं होतं. कॉलेजातल्या मैत्रिणींना मी ती गोष्ट किती वेळा सांगितली, पण सांगितलेली गोष्ट म्हणजे पाहिलेली नव्हे. केबलवाल्याला माहीत नाही. सगळ्या तालुक्यात एक माणूस असं नाही, जो म्हणेल, हो, बैल होता, रताळं होतं. मग जे फक्त मला एकटीला दिसतं आणि माझ्या तोंडून जे फक्त मला एकटीला कळतं, त्यालाच तर हे लोक बाधा म्हणतात. ते चुकतात कुठे?

तेही कळतं म्हणजे काय? अर्थ मला कोणी सांगितला आहे? आपण आपला लावला.

आणि ती आतली बाई. तू म्हणायचास म्हातारी असेल, वहिनी म्हणायची आई. मला ती दाखवली नाही हीच त्या कार्टूनची कमाल वाटायची, नुसत्या आवाजानं घर भरून टाकलं होतं. आता तिन्हीसांजेला पाण्याचा हंडा घेऊन मी दारात येते आणि पाय उचलत नाही. वाटतं, मी मनात शब्द म्हणेन आणि आतून कोणीतरी उत्तर देईल. आज पदराचा बोळा तोंडात धरून उंबरा ओलांडला. आत्याबाईंनी तेही पाहिलं.

कॅसेट घेऊन ये. ती तूच नेली होतीस, मला माहीत आहे, फोटो सगळे ठेवलेस आणि तेवढी नेलीस. नसेल तर नुसता ये. बुधवारच्या आत ये, दादा. मी हात जोडते.

ज्योती


२४ नोव्हेंबर

दादा,

तू काल दूधगाडीत बसून गेलास. जाताना ‘जपून ऱ्हा’ एवढंच बोललास. बुधवारी गोजरबाईकडे तू आतल्या बाजूला होतास, तुला माझी पाठसुद्धा नीट दिसली नसेल. मला काय दिसलं ते लिहून ठेवल्याशिवाय चैन पडणार नाही.

गोजरबाई दिसायला अगदी आपल्या अंगणवाडीच्या बाईंसारखी आहे, हे पाहून मला जास्तच धडकी भरली. अक्राळविक्राळ असती तर बरं वाटलं असतं. तिनं आत्याबाईंना विचारलं, ‘कुटं बोलती?’ आत्याबाई म्हणाल्या, ‘दारात. घरात शिरताना.’ तर ती म्हणाली, ‘मंग दारातच धरू.’ मला तिच्या घराच्या उंबऱ्यासमोर बसवलं. दोघींनी दोन मनगटं धरली. घमेल्यातल्या निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या. आत अंधारात बरेच लोक बसले होते, खोकत होते, त्यांत स्टँडवर विचारत आधीच येऊन बसलेला तू आहेस हे मला कुठून कळणार? हे मागे टेम्पोला टेकून उभे होते. मी मागे वळून पाहिलं, तर ते टायरकडे बघत होते.

धुरानं डोळे झोंबले. श्वास घेतला की आत आग आणि न घेतला तर जीव जातोय. मी तोंड घट्ट मिटलं होतं. मग तिनं माझी उजवी मूठ उघडली आणि तळहातावर कापराची वडी ठेवली. ती वडी गार लागते, तुला माहीत आहे? त्या गार लागण्यानं माझं सगळं अवसान गेलं. ‘नाव सांग,’ ती म्हणाली, ‘न्हाईतर पेटवती.’

मी नाव सांगायला तोंड उघडलं नव्हतं. मला फक्त घरी जायचं होतं. कुठल्या घरी तेही ठरलं नव्हतं, आपल्या का ह्यांच्या, पण इथून उठून घरी जायचं होतं. आणि घरी जायचं असलं की माझ्या तोंडी एकच शब्द येतो. तो आला. मोठ्यानं आला.

‘बोलली! ताडाई बोलली!’ बाया ओरडल्या. काडी ओढल्याचा आवाज झाला.

आणि आतून, त्या काळोखातून, आवाज आला, ‘ओकाएरी.’

दादा, मी मेलेच होते तेव्हा. मला वाटलं, तीच. जी कधी दाखवली नाही ती. शेवटचं अक्षर वहिनी लांबवायची तसं लांबवलेलं. तू आयुष्यात एकदाही तो शब्द म्हटला नव्हतास. तू फक्त हसायचास. मला वाटायचं, तू आमच्या नादानं बसतोस, तुझं लक्षही नसतं. मग तू बाहेर आलास, डेअरीचा तो निळा स्वेटर घालून, डोळे पुसत. धुरानं असतील, का कशानं, ते मी विचारणार नाही.

गोजरबाईला त्यातलं ‘ओक’ तेवढं समजलं. ‘व्हय व्हय, ओक! ओकून टाक!’ म्हणून ती माझी मान दाबायला लागली. कोणीतरी म्हणालं, ‘ह्याला बी धरलंया.’ तिनं दुसरी मूठभर मिरची उचलली. मला वाटलं, आता दोघेही.

पण आत्याबाई पुढं झाल्या. तू त्यांना पहिल्यांदाच पाहत होतास. त्यांनी तुझ्या छातीवर हात ठेवून तुला अडवलं.

‘तू कोन?’

‘हिचा भाऊ, मावशी. काकासाहेब.’

‘काय म्हनलास आता?’

‘ये म्हनलो. घरी आलेल्या मानसाला ये म्हनत्यात, ते.’

‘अन् ती काय म्हनती?’

‘आले म्हनती. घरी आले. आमच्या हितं लई बघितलंय आमी ते. भाईर उभं ऱ्हाऊन एकीनं म्हनायचं, आतून दुसरीनं. माजी मंडळी म्हनायची आतून.’

‘तिला बोलीव.’

‘ती न्हाई आता,’ तू म्हणालास.

आत्याबाई खाली बसल्या, माझ्या तळहातावरची वडी त्यांनी बोटानं उडवून दिली आणि माझा हात आपल्या मांडीवर घेतला. गोजरबाई काहीतरी सांगत होती, विधी अर्धा सोडला तर काय होतं ते. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या ह्यांच्याकडे बघून बोलल्या, ‘रामहरी, रिकामं पोट घिऊन पोर दारात आली, आले म्हनली, अन् आपुन तिला ये म्हनायचं सोडून कोन हायेस इचारलं. आरं, आपुन काय केलं ह्ये?’

ह्यांनी तेव्हा टायरवरची नजर काढली.

परतीच्या वाटेवर टेम्पोत तू कॅसेटचं सांगितलंस. बुरशी लागलेली, स्पिरिटनं पुसलीस, वाळवलीस, दोन मशिनी बदलून लावलीस, आणि शेवटपर्यंत नुसत्या मुंग्या. म्हणूनच कार्ड टाकलं नाहीस, ‘लागल्यावर घिऊनच येनार हुतो’ म्हणालास. तू ते असं सांगितलंस की जणू डेअरीतला पंप बिघडला होता. पण त्या मुंग्यांमध्ये वहिनीही होती ना. हळद लागलेली, पाठवणीला रडणारी. माझ्यापायी तू इतक्या वर्षांनी ती लावलीस आणि तुला ती दिसली नाही. म्हणून मी तुझ्याशी भांडले नाही.

काल तू गेल्यावर तिन्हीसांजेला मी पाण्याला गेले. हंडा भरून दारापर्यंत आले. आत आत्याबाई भाकरी थापत होत्या, त्यांची पाठ माझ्याकडे होती. दारात या वेळी कोणी उभं नव्हतं. मी चपला काढल्या. आता कसली भीती, सगळं तर संपलं, असं मनाला सांगितलं. पण उजवा तळहात गार पडला, वडी ठेवल्यासारखा. शब्द तोंडात होता आणि तो बाहेर काढायची माझी छाती होईना. मला वाटलं, आता हा मला कधीच म्हणता यायचा नाही.

आतला थापण्याचा आवाज थांबला. आत्याबाई वळल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, ‘म्हन की गं. मी हाय आत.’

मी हंडा घेऊन तशीच उभी राहिले. माझ्यानं म्हणवेना, त्यांच्यानं उठवेना. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिचा धूर आला, तरी त्यांनी ती उलटली नाही.

तुझी
ज्योती